आक्का, तुमचंच कार्ड घेतलं

आक्का, तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना.

नदीवर सगळी मंडळी उन्हात उभी. भातावर पापुद्रा धरला. कावळे नव्हते असं नाही. बाभळीवर चांगले सात-आठ बसले होते, पण तुमच्यासारखेच मान वाकडी करून नुसते बघत होते. आधी तुमचे भाऊ पुढं झाले, म्हणजे आमचे हे. हात जोडून म्हणाले, "आक्का, स्टुडिओ बंद पडू देणार न्हाई." कावळे ढिम्म. मग आमचा राजू. "आत्या, तुजा कॅमेरा कुनाला इकणार न्हाई." ढिम्म. गुरुजी घड्याळ बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईचा जीव कशात तरी गुतलाय," आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कशात गुंतलाय ते मला चांगलं ठाऊक होतं. मी पदर तोंडावर ओढला आणि पुटपुटले, "बरं बाई, तुमचंच कार्ड घेऊ."

आणि मेला आला की झेपावत.

आता हे मी मानत नाही, आधीच सांगून ठेवते. राजूनं नेमकी त्याच वेळेला छत्री मिटली, कावळा छत्रीला भीत होता. दुसऱ्या कुणाचा दहावा असता तर हे तुम्हीच मला कोपरानं ढोसून सांगितलं असतं. पण शब्द गेला तो गेला. तेव्हा जिथं असाल तिथं जरा टेका आणि ऐका. तुम्ही जाऊन तीन आठवडे झाले. अठरा वर्षांचा वाद अर्ध्यावर टाकून गेलात. मेल्यामुळं वाद जिंकला असं तुम्हाला वाटत असेल, तर ते मी चालू देणार नाही.

लोकांना वाटतं, नणंद-भावजयीचं वाजतं ते दागिन्यावरून नाहीतर आहेरावरून. आपलं वाजलं ते तळहाताएवढ्या एका हिरव्या कार्डावरून. कॉम्प्युटरच्या पोटात बसतं ते. हार्ड डिस्का त्याला जोडतात, आणि फोटो डिस्कवर ठेवायचा म्हटला, काढायचा म्हटला, तर त्याच्याच हातून. कंट्रोलर कार्ड. परळीतल्या कुठल्या घरात दोन बायका यावरून चार-चार दिवस अबोला धरत असतील, सांगा बरं.

पण अबोला फुकाचा नव्हता. आपल्या स्टुडिओच्या डिस्कांत पंचक्रोशीतली माणसं आहेत. बारशाची, लग्नाची, हौसेनं एकट्यानं काढून घेतलेली. कुणी गेलं की तिसऱ्या दिवसापर्यंत घरचं माणूस दारात येतं. "भिताडावर लावायला फोटू द्या." तुम्ही म्हणायचात, "लग्नाच्या फोटोला लोक हसत येतात सुमन, मयताच्या फोटोला पळत येतात. पळत आलेल्याला न्हाई म्हनायचं नसतं." अलीकडं जुना कॉम्प्युटर आचके द्यायला लागला होता. सुरू व्हायला चहाचा एक कप संपायचा. दसऱ्याच्या आत नवा आणायचा होता, आणि तुम्ही नेमक्या तेव्हाच गेलात. नेमकी वेळ साधून निघून जायची तुमची खोड जुनीच.

तुमचं म्हणणं असं. कार्डं दोन तऱ्हेची, एक कारकून आणि एक हमाल. कारकून हुशार. चार डिस्का एकत्र बांधतो, एका फोटोचे तुकडे करून चारही ठिकाणी वाटून ठेवतो, आणि कुठला तुकडा कुठं हे स्वतःच्याच मोडीत लिहितो. एखादी डिस्क मेली तरी उरलेल्यांवरून फोटो जुळवून देतो. पण कारकूनच मेला तर? त्याची मोडी दुसऱ्याला लागत नाही. हमाल मुका. पोतं जसं दिलं तसं नेऊन डिस्कवर ठेवतो. हमाल मेला तर दुसरा बोलवा, पोतं आहे तिथंच आहे.

"आन् दुसरी प्रत कोन ठिवनार?" मी विचारायचे.

"मी ठिवीन की. हात हायत मला."

"हातानंच ठिवायचं तर कॉम्प्युटर कावून आनला? पाटी-पेन्सिल घ्या."

"तुला पाटी दिली तर तू तिच्यावर बी रांगोळी काढशील."

दर शनिवारी दुपारी तुम्ही दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायला बसायचात आणि मी शेजारी शेंगा फोडत तुम्हाला डिवचायचे. राजू मोठा झाला तसा तोही माझ्या बाजूला आला. त्याला नव्या कॉम्प्युटरला कारकूनच पाहिजे, पंखावाला, बॅटरीवाला. तुम्ही त्यालाही उडवून लावलं. "परळीत पंखावालं कार्ड म्हंजी चुलीपुढं पांढरं लुगडं. वरीसभरात थर्मलच्या चिमण्यांची राख बसून पंखा गच्च, कार्ड तापून खलास. आन् बॅटरी? ती फुगली की इनामदारासारखी बसून ऱ्हाती, कामाला येत न्हाई." सकाळी पुसलेला गल्ला दुपारी बोटानं नाव लिहिण्याजोगा होतो आपल्याकडं, तेव्हा राजूजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळ होतं. पण ते उत्तर मला बोलता येत नव्हतं. आज बोलते.

त्यासाठी एका बाईची ओळख करून द्यावी लागेल. पंचेचाळीस वर्षांची सुमन. मला ती आठवली की अजून तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. स्वतःला ही बाई लई शहाणी समजायची. तुम्ही सासर सोडून माहेरी आलात, लातूरला जाऊन कॉम्प्युटर शिकलात, तेव्हा हिनं शेजारणींना सांगितलं होतं, "दोन महिन्यांत येती बघा रडत." तुम्ही रडत आला नाहीत. उलट चार डिस्कांचा तो कारकून स्टुडिओत बसवलात. हो, तो पहिला कारकून तुम्हीच आणला होता, हे विसरून चालणार नाही. तेव्हा तो तुमचा लाडका होता. "ह्या कार्डावर सगळं हाय," तुम्हीच म्हणायचात. ते वाक्य सुमननं ध्यानात ठेवलं. तिथंच घोटाळा झाला.

खंडेनवमी होती. तुम्ही सकाळी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण काढून ब्रशनं आतली राख झाडलीत आणि आंघोळीला गेलात. सुमन पूजेचं ताट घेऊन स्टुडिओत शिरली. कॅमेऱ्याला टिळा. कॅमेरा ठेवायच्या तिकाटण्याला टिळा. कात्रीला टिळा. कॉम्प्युटरजवळ आली तर झाकण उघडं. कुठल्याही साध्या बाईनं बाहेरच्या पत्र्याला बोट टेकवलं असतं. पण ही शहाणी. हिनं विचार केला, देव गाभाऱ्यात असतो, भिंतीला कुंकू लावून काय उपयोग? मग मान कुणाचा? कार्डाचा. कालवलेली ओली हळद, वर कुंकू, वर अक्षता, वर फुलानं पाण्याचे चार थेंब. आणि आपली रीत अशी, की पूजा झाली की यंत्र एकदा चालू करून दाखवायचं. तशी तिनं ती पाळली. बटण दाबलं.

चट् झालं. कांदा करपल्यासारखा वास आला.

शहाण्या सुमननं मग काय करावं? बटण बंद केलं. पदरानं कार्ड पुसलं. अक्षता एक-एक वेचल्या. झाकण लावलं, वरून झेंडूचा हार घातला, आणि कढीला फोडणी द्यायला निघून गेली.

दुपारी तुम्ही बटण दाबलंत. डिस्का सापडत नाहीत, असं पडद्यावर आलं. तुम्ही झाकण काढलंत, हातात टॉर्च घेऊन बराच वेळ आत बघत राहिलात. मी दारात, हातात झारा. तुम्ही वळून माझ्याकडं बघितलंत. मी झारा पदराआड धरला. आणि तुम्ही म्हणालात, "कार्डच भिकार निघालं."

मी जीभ गिळली, आक्का. चांगली गिळली. ढेकरही दिला नाही.

नंतरचं तुम्हाला ठाऊकच आहे. लातूरला चारही डिस्का नेल्या. धडधाकट होत्या. जुनं मिळेना म्हणून त्याच कंपनीचं नव्या मॉडेलचं कार्ड लावलं, तर ते म्हणालं डिस्का कोऱ्या आहेत. माणसं आत होती, सगळी होती, पण तुकड्यातुकड्यांत, आणि जुळवणारा मेलेला. तीन वर्षांचे चेहरे गेले.

दोन महिन्यांनी सोनाबाई आली. गावाबाहेरच्या माळावर मेंढरं राखणारं घर. नवरा दगडूबा गेला होता. तो एकदाच आपल्याकडं आला होता, खांद्यावर नवी घोंगडी, हौसेनं फोटो काढून घेतला होता. घरातली प्रत फिरस्तीत भिजून गेली. "बाई, त्येवढा फोटू काडून द्या. धा मानसं यायलीत, भिताडाला काय लावू?" मी पडद्यामागं उभी होते. जिथं लोक कपडे नीट करतात, तिथं. आरशात माझाच चेहरा दिसत होता, तो मी बघितला नाही. तुम्ही तिला हाताला धरून बाहेर लिंबाखाली नेलंत आणि बराच वेळ बोलत होतात. मला वाटलं, समजूत काढताय, कार्डाला शिव्या घालताय.

मग तुम्ही लोकांची लग्नाची अल्बमं उलटायला निघालात. चार रविवार. ज्या-ज्या घरी दगडूबा जेवायला गेला असेल, त्या-त्या घरी. लोक हसायचे, "आक्का, आता कशाला आलाव?" तर तुम्ही, "जेवून गेलेल्या मानसाला हुडकायला." सापडला. उमापूरकडच्या एका लग्नात, पंगतीत, डाव्या कोपऱ्यात, हातात द्रोण धरून कॅमेऱ्याकडं बघत हसत होता. तुम्ही तेवढाच मोठा केलात आणि द्रोण कापून टाकणार, तर सोनाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या द्रोन. खाताना लई चांगला दिसायचा त्यो."

त्यानंतर तुम्ही हमालाच्या बाजूच्या झालात आणि मी कारकुनाची वकील झाले. लोकांना कोडं पडायचं, सुमनला कारकुनाचा एवढा पुळका कशाचा. आता कळलं असेल. गुन्हा कबूल करायला माझी जीभ वळेना, मग ज्याच्यावर आळ आला त्याची मी अठरा वर्षं वकिली केली. तुम्ही म्हणायचात कार्ड भिकार. मी म्हणायचे, भिकार नव्हतं, लई गुणी होतं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता पुढचं वाक्य सुटेल तोंडातून. मी शेंग तोंडात टाकायचे.

तेराव्यानंतर तुमची ट्रंक उघडली. चार लुगडी, दोन चष्मे, जुन्या कॅमेऱ्याचं चामड्याचं पाकीट. तळाशी चांदीच्या रंगाची प्लास्टिकची पिशवी, नवीन कार्डं येतात तसली. आत तोच कारकून. त्याच्या कडेचे सोनेरी दात तुम्ही खोडरबरानं घासून लखलखीत केले होते. सगळं कार्ड पुसून स्वच्छ. फक्त मधल्या मोठ्या चिपच्या पायांशी कुंकवाची रेघ वाळून बसलेली. तेवढी ठेवली होती. तुमच्या हाताला धूळ खपत नव्हती आक्का, ती रेघ काही चुकून राहिलेली नाही.

तुम्हाला ठाऊक होतं. त्याच दुपारी. टॉर्चच्या उजेडात.

आधी मला इतका राग आला की मी पिशवी परत ट्रंकेत आपटली. अठरा वर्षं! अठरा वर्षं मी तुमच्या शेजारी बसून शेंगा फोडत घाम पुसला आणि तुम्ही मजेत प्रती काढत होतात. मग हळूहळू उमगलं. चारचौघांत तुम्ही कार्डाला भिकार म्हणत राहिलात, म्हणजे कुणी माझ्याकडं बघू नये. तुमच्या भावाच्या घरात माझ्यावर बोट येऊ नये. ज्या वादात मी तुमच्याविरुद्ध भांडत होते, तो वाद तुम्ही माझ्यासाठी भांडत होतात. असलं झाकण घालायचं असतं का हो माणसावर? आभार मानावेत, तर मानायला तुम्ही नाही. भांडावं, तर भांडायला तुम्ही नाही. मग मी राजूला घेऊन नवा कॉम्प्युटर घ्यायला दुकानात गेले.

मोंढ्याजवळचा कॉम्प्युटरवाला, पन्नाशीचा गृहस्थ, खुर्चीतून उठला. "मावशी, ह्येच घ्या. चार डिस्का बांधतं, पंखा हाय, बॅटरी हाय. पाच वरीस बघायला नको."

"मेलं तर?"

"मरत न्हाई."

"मानसं मरतात, ह्यानं काय अमरपट्टा आनलाय का?"

राजूनं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, तुमच्याकडच्या डिस्का बांधा, त्यात एक फोटो ठेवा. ठेवला. आता कार्ड काढा, दुसऱ्या कंपनीचं लावा. कुरकुरला, पण लावलं. पडद्यावर आलं, डिस्का कोऱ्या आहेत, नव्यानं आखू का? "बघा," मी म्हटलं, "आमच्याकडं बी ह्येच झालतं." मग साधं कार्ड मागवलं, बिनपंख्याचं, वर गार ठेवायला नुसता ॲल्युमिनियमचा खाचांचा ठोकळा. आपली जुनी डिस्क पिशवीत नेली होती, ती त्याला जोडली. दिसली. मग ते कार्डच काढलं, आणि तीच डिस्क थेट दुकानदाराच्या बिलाच्या कॉम्प्युटरला लावायला लावली. तिथंही फोटो उघडला. सबंध पडदाभर दगडूबा, हातात द्रोण.

"ह्ये कोन?" दुकानदार म्हणाला.

"आमचं गिऱ्हाईक. घ्या, ह्येच कार्ड द्या. एक न्हाई, एकसारखी दोन. एक लावू, एक कपाटात."

घेतलं आक्का, तुमचंच कार्ड. पण मान खाली घालून नाही घेतलं, हे नीट ऐका. कारकून स्वतःहून मेला नव्हता, मी मारला. तेवढा आळ त्याच्यावरून उतरवा. मात्र मेल्यावर सगळी माणसं सोबत घेऊन गेला, तो गुन्हा त्याचाच. म्हणून हमाल. शिवाय शनिवारची प्रत आता कुणी हातानं काढणार नाही, राजूनं ती कॉम्प्युटरलाच लावून दिलीय, आणि तिसरी प्रत तलवाड्याला माझ्या लेकीच्या कपाटात. म्हणजे अर्धा वाद मी जिंकले. तुम्ही असता तर म्हणाला असता, पाव. मी म्हणते, अर्धा.

एक काम उरलं होतं. काल माळावर गेले. सोनाबाई आता घर बांधून राहते, दोन खोल्या, दारात चार मेंढ्या. भिंतीवर दगडूबा, द्रोणासकट. मी बसले, पाणी प्याले, आणि डोळे मिटून सगळं एका दमात सांगून टाकलं. गाभारा, ओली हळद, चट्, पदर, कढी. तिच्या नवऱ्याचा घोंगडीतला फोटो कार्डानं नाही, मी जाळला. म्हटलं, आता काठी आण, शिव्या दे, जे देशील ते घेईन.

सोनाबाई तंबाखू मळत होती. थांबली नाही.

"कुकवाचं व्हय? त्ये ठावं हाय की मला."

"कुनी सांगितलं?"

"आक्कानं. त्याच दिशी, लिंबाखाली. म्हनली, तुज्या मानसाचा फोटू आमच्या घरातनं गेलाय, तर तुला खोटं सांगनार न्हाई. भावजयीच्या हातनं झालंय, पर तिच्या मनात वंगाळ नव्हतं. ती आपल्या तोंडानं सांगंल तवा सांगंल. तवर तू इचारू नगंस." तिनं तंबाखू तोंडात टाकली. माझ्याकडं बघितलं. "लई टाइम लावलास गं बाय."

लहान पोर खांबामागं लपतं आणि त्याचं ढुंगण बाहेर दिसत असतं, घरातले सगळे त्याच्या समाधानासाठी "कुठं गेलं, कुठं गेलं" करतात, तशी मी अठरा वर्षं लपले होते. परतताना रस्त्यात एकटीच हसले आणि मग एकटीच रडले. एका राखेच्या ट्रकवाल्यानं गाडी हळू करून विचारलं, "आजी, बरं हाय नव्हं?" मी त्याला म्हटलं, "आमची आक्का गेली." त्याला काय कळणार, पण त्यानं गाडी बंद करून क्षणभर हात जोडले.

आता ऐका शेवटचं. भिंतीवर तुमचा आधारकार्डावरचा फोटो आहे. आयुष्यभर जगाचे काढलेत, स्वतःचा एक काढू दिला नाहीत, भोगा आता. चोर पकडल्यासारख्या दिसताय. त्याच्या शेजारी मी तो जुना कारकून चौकटीत बसवून लावलाय, कुंकवाच्या रेघेसकट. येणारा-जाणारा विचारतो. मी सांगते, सगळं सांगते. तुम्ही घातलेलं झाकण मी काढून टाकलंय. रागावायचं तर रागवा.

खंडेनवमी महिन्यावर आलीय. पूजा होणार. टिळा बाहेरच्या पत्र्याला, कोरडा, एका बोटाचा. झाकण बंद, चारही स्क्रू आवळून. एवढं तुमचं ऐकलं.

पण पूजा झाल्यावर बटण मीच दाबणार. कुणाला अडवायचं असेल, त्यानं यावं.